बाप वहीत, पोरगा रस्त्यावर

माननीय गृहमंत्री, मध्य प्रदेश शासन यांस,

इंदूरच्या न्यायालयात मी वकिली करतो. चोरीची प्रकरणं पुष्कळ पाहिली, तेव्हा चोर बिचारे असतात असं सांगायला हे पत्र नाही.

पारधी वस्तीतला एक पोरगा मोटर वाइंडिंगच्या दुकानात होता. हात इतका बसलेला की तारेचे फेरे मोजताना गप्पा मारायचा, तरी चुकायचा नाही. एकदा शिपाई चहाला आला आणि उठता उठता मालकाला म्हणाला, "इसका बाप हमारे रजिस्टर में है." मालक वाईट नव्हे, पण दारात पोलीस कोणाला हवेत? त्याने हिशेब चुकता करून पोराला काढलं. बाकीच्या दुकानांपर्यंत बातमी आधीच पोचली होती. पुढे तांब्याच्या तारेच्या चोरीत तो सापडला, आणि माल खरंच त्याच्याकडे निघाला. ठाण्यात म्हणाले, आम्ही म्हणतच होतो.

म्हणत होतात, म्हणूनच झालं.

१८७१ च्या कायद्याने जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. त्याची शेवटची, १९२४ ची आवृत्ती ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाली, पण संशयितांवर नजर ठेवायची पोलिसांची निगराणीची वही राहिली. आपल्याच राज्याच्या, निगराणीबद्दलच्या पोलीस नियम ८५५ आणि ८५६ वर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये गोविंद प्रकरणात ते नियम टिकवले खरे, पण ज्याच्यापासून समाजाला उघड धोका आहे त्याच्यापुरतेच ठेवा, असंही बजावलं. ७ मे २०२४ च्या निकालात दिल्लीच्या हिस्ट्रीशीटबद्दल (पोलिसांनी एखाद्यावर ठेवलेल्या नोंदीबद्दल) बोलताना न्यायालयाने सगळ्याच राज्यांना आपली धोरणं तपासायला सांगितली: मागास समाजातल्या निरपराधांची नावं यंत्रवत चढू नयेत. त्याच ऑक्टोबरात तुरुंगांच्या निकालात विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्यांना, जन्माने सराईत गुन्हेगार समजण्यावरही ताशेरे आले.

(रामबागेतल्या आम्हा मराठी घरांतही वाटी सापडली नाही की आधी भंगारवालीची आठवण येते. पण आमच्याकडे निदान रजिस्टर नाही.)

इंदूरला २०२१ पासून पोलीस आयुक्त आहेत. प्रत्येक ठाण्याची निगराणी वही त्यांच्या एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. ज्या नावापुढे गुन्हा नाही, नुसती जात किंवा बापाचं नाव आहे, ते कापा. कापल्याचं त्या घराला लेखी कळवा. आणि दुकानात जाऊन वहीतलं बोलणाऱ्या शिपायावर कारवाई करा, कारण वही गोपनीय असते ती फक्त आम्हा वकिलांसाठी, असं दिसतं.

हिंदी प्रत आपल्या कार्यालयात वेगळी दिली आहे. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल.

आपला,
इंदूरचा एक वकील