ताई, पैशाचं लिहायचं नव्हतं

परभणी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू संभाजीनगरला निघालीस तेव्हा आपलं धड बोलणं झालं नाही. आई म्हणते फोन करा. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. पैशाचा विषय काढणार नाही असं तिला कबूल केलंय.

खंडपीठात सीनिअर मिळाले याचा आनंदच आहे. वकिलाच्या मुन्शीची पोरगी हायकोर्टात वकीलपत्र दाखल करणार, हे बार रूममध्ये सगळ्यांना सांगून झालं. माझं म्हणणं एवढंच होतं की वर्ष-दोन वर्षं इथं खालच्या कोर्टात काढली असतीस तर बरं झालं असतं. कारण तुझ्या टेबलावर जी फाइल येणार ती जिंतूरला, सेलूला, गंगाखेडला कुणीतरी उभी केलेली असणार. दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. खाली जो कागद निशाणीवर, म्हणजे पुराव्यात नंबर पडून, आला नाही तो वर आणणं फार अवघड. म्हणून फाइल आली की निकालपत्राच्या आधी रोजनामा, म्हणजे तारीखवार कामकाजाची नोंद, वाच. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, हुकूम काय झाला, साक्षीदार कोणत्या तारखेला आला नाही, मुदत अर्ज कुणी किती दिले, खरा दावा तिथं दिसतो.

निकालाची नक्कल हातात आली की आधी उलटून मागं बघ. तीन तारखा असतात: अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार झाल्यावर आपण आठ दिवसांनी आणली तर ते आठ दिवस आपल्या अंगावर. जिल्हा कोर्टातल्या अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा, पक्षकार "बघू, घरी विचारतो" म्हणाला तरी.

दुसरं, पक्षकार वारला तर खेड्यातून कुणी कळवत नाही. वारस रेकॉर्डवर घ्यायला ९० दिवस, ते चुकले तर दावा त्याच्यापुरता संपतो. मग तो उठवायला आणखी ६० दिवस, त्यानंतर विलंब माफीचा अर्ज आणि त्यावर वेगळी सुनावणी. वाटणीच्या दाव्यात आठ-दहा प्रतिवादी असतात, त्यातले निम्मे म्हातारे. दर तारखेला पक्षकाराला विचारायचं, "सगळे धडधाकट आहेत ना?" जुने वकील हे चहा पिता पिता विचारायचे. बाहेरच्याला ती विचारपूस वाटायची.

व्याख्यान झालं, माय. तुला हे शिकवलेलं असणार. माफ कर.

या गावांतले जुने वकील डोळ्यांसमोर येतात तेव्हा मला वाटतं, त्यांचं कुणी लिहून ठेवायला पाहिजे. निजामाच्या काळात कोर्टाची भाषा उर्दू. कायदा शिकायचा तर हैदराबाद गाठायचं. वादी-प्रतिवादीला मुद्दई, मुद्दालेह म्हणत उर्दूत अर्ज लिहिणारी ही माणसं घरी मराठी बोलायची आणि मोडी वाचायची. त्यातले कितीतरी स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. भोकरचे दिगंबरराव बिंदू वकीलच, ते पुढं १९५२ च्या हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले. पण बहुतेकांनी आयुष्य ओसरीवरच्या ऑफिसात काढलं. सकाळी आठ ते दहा पक्षकार, अकराला कोर्ट, संध्याकाळी पुन्हा कागद. लांबच्या खेड्यातला माणूस आदल्या रात्री येऊन त्याच ओसरीवर झोपायचा. फी कापूस विकल्यावर, तीही हप्त्यानं. पाऊस गेला की पुढच्या वर्षी. १९७२ च्या दुष्काळात पक्षकारच दुष्काळी कामावर खडी फोडत होते, त्यांच्याकडं फी कुणी मागायची?

त्यांचे जुने कागद तुझ्याकडं येतीलच. सेतवार म्हणजे जमिनीच्या मोजणीचं जुनं रजिस्टर, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक म्हणजे कोणती जमीन कुणाच्या ताब्यात याची नोंद, इनामाच्या सनदा. कुळाचा हक्क असो की वहिवाट, मराठवाड्यात सगळे खासऱ्यापाशी येऊन थांबतात. निजामाच्या वेळच्या कागदावर फसली सन, म्हणजे तेव्हाचं महसुली वर्ष, असतं. इंग्रजी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे, पण वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू होतं, म्हणजे जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. भाषांतर करणारा नुसते ५९० धरून मोकळा होतो आणि तारीख वर्षानं मागं जाते. बारा वर्षांच्या ताब्याचा हिशेब असला तर तेवढ्यावर दावा फिरतो.

प्रत्येक पिढीला एकेका कामानं पोसलं. आधी १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आणि १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा. मग जायकवाडी: धरणात गेलेली गावं, पाठोपाठ कालव्यात गेलेल्या पट्ट्या. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यानं भरपाई वाढवून मागायचा कलम १८ चा अर्ज सहा आठवड्यांत द्यावा लागायचा. १९८४ च्या दुरुस्तीनंतर वाढीव किमतीवर ३० टक्के दिलासा रक्कम, पहिल्या वर्षी ९ टक्के व्याज, पुढं १५. ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांना शेजाऱ्याच्या निकालानंतर तीन महिन्यांत कलम २८-अ खाली तशीच वाढ मागता यायची. मग ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. लातूर-उस्मानाबादच्या वकिलांकडं वारसा प्रमाणपत्रांची रीघ लागली. एका घरातली तीन पिढ्यांची माणसं एकाच पहाटे गेलेली, आधी कोण गेलं कोण सांगणार? हिंदू वारसा कायद्याचं कलम २१ म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत धाकटा मागं राहिला असं धरा. बापानं मुलाच्या आधी प्राण सोडला असं त्या कागदांवर पुन्हा पुन्हा लिहावं लागलं.

तुझ्या वाट्याला कोणतं काम येईल, मला सांगता येत नाही. हीच धास्ती आहे. खंडपीठात पहिली चार-पाच वर्षं ज्युनिअरला काय मिळतं मला माहीत आहे. खोलीचं भाडं, डबा, कोट, पुस्तकं, आणि वर... असो. एक मात्र सांगतोच. भूसंपादनाच्या कामात "निकालातून इतके टक्के" अशी बोली कुणी घालेल. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. हात तंग असला की माणूस हो म्हणतो, म्हणून तुझा हात तंग राहू नये एवढीच माझी खटपट. बघ, आलंच पैशाचं.

आणि पक्षकाराचे मूळ कागद स्वतःकडं ठेवू नकोस. पोहोच घेऊन परत दे, झेरॉक्स फाइलला. मोठे वकील गेले की मुलं पुण्याला, हैदराबादला इंजिनिअर, ऑफिसला कुलूप. ती वकिली कुणाला विकता येत नाही, देता येत नाही. राहतो तो मुन्शी आणि कापडात बांधलेली दप्तरं. त्यात कुणाचं खरेदीखत, कुणाची सनद, ज्याची त्याला पोहोचवायला वर्षं जातात. आपल्या साहेबांच्या कपाटातलं मानवतकडचं एक दप्तर अजून माझ्याकडं आहे, त्यातल्या दोन घराण्यांचा पत्ता लागत नाही. भूमी अभिलेखच्या कचेरीत फेरफार बघायला मंगळवारी जातोय.

आईचा गुडघा बरा आहे. धाकट्याचा फॉर्म भरला. आत्याकडं रविवारी जेवायला जात जा, तिला फोन करून ठेवलाय. दहा तारखेला खात्यावर पैसे टाकतो. सीनिअर देतील तेव्हा देतील, तोवर नको म्हणू नकोस, आणि परतही पाठवू नकोस.

तुझे
अण्णा