ओकचे खांब आणि बाबांना विचारायचे काही

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागे फोनवर आईने विचारले होते, की रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसून नेमके काय करते. ते दोन शब्दांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी माइनक्राफ्ट नावाच्या खेळात जुन्या पद्धतीची घरे बांधायला शिकते आहे, आणि या शिकण्यात माझे मन फार रमले आहे.

हा खेळ स्वीडनमधील एका कंपनीने तयार केला आणि २०११ साली तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्यातील सगळे जग एक मीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, काच, सारे त्याच मापात. एकाच सर्व्हरवर अनेक जण आपापल्या घरून येऊ शकतात आणि एकाने रचलेली भिंत बाकीच्यांना त्याच क्षणी दिसते. आम्ही काही जण मिळून युरोपातील मध्ययुगीन गाव उभारत आहोत. अमरावतीच्या एक ताई पाणचक्की बांधतात, वर्ध्याचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी तटबंदी पाहतो आणि नदीकाठच्या गल्लीतील घरे माझ्याकडे आहेत. दुसऱ्याच्या जागेत विचारल्याशिवाय एक ठोकळाही ठेवायचा नाही आणि लाकूड-दगडाचे प्रकार सर्वांनी मिळून ठरवलेलेच वापरायचे, हे दोन नियम सगळे कसोशीने पाळतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर सुतारकाम केलेत, तेव्हा तुम्हाला एक गोष्ट आधी खटकेल, ती म्हणजे या जगात वस्तूंना भार नाही. वाळू, खडी असे मोजके ठोकळे सोडले तर काहीच खाली पडत नाही. खालची भिंत काढून घेतली तरी छप्पर अधांतरी तसेच राहते. त्यामुळे नवख्या माणसाची घरे पाहताक्षणी ओळखू येतात. चार सपाट भिंती, वर टोपी ठेवावी तसे छप्पर, आणि कशाचा भार कशावर येतो याचा कुठेच पत्ता नाही. ताईंची शिकवण याच्या अगदी उलट आहे. आधी सांगाडा उभा करा, भिंत नंतर भरा, आणि प्रत्येक तुळईच्या खाली काय आहे ते बोट ठेवून दाखवा, असे त्या प्रत्येकाला सांगतात. जिथे भाराची सक्ती नाही तिथे आपणच तो भार मनात धरून बांधायचे, हे मला या साऱ्या कलेचे मर्म वाटते.

ज्या घरांवरून आम्ही शिकतो ती खरोखरच सांगाड्याची घरे आहेत. दगडी जोते, कारण लाकूड जमिनीला टेकले की ओल धरते आणि कुजते. जोत्यावर आडवे लाकूड, त्यावर खांब, खांबांवर तुळया, आणि मधल्या चौकटी पातळ फांद्यांच्या विणीने भरून त्यांवर माती, कुटार आणि शेण यांचा लेप. आई, हे वाचून तुला आपल्या गोठ्याची मागची भिंत आठवली असेल. तिकडे हेझेलच्या फांद्या वापरत आणि आपल्याकडे तुराट्या-पऱ्हाट्या, पण आजी दरवर्षी लिंपायची त्या कुडाची आणि या भिंतींची रीत एकच आहे. जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग शहरात अशी लाकडी सांगाड्याची तेराशेहून अधिक घरे आजही उभी आहेत आणि १९९४ पासून ते शहर जागतिक वारसा यादीत आहे. मी त्यांचीच छायाचित्रे समोर ठेवून काम करते.

खेळात हे उतरवताना भिंतीचे ठोकळे खांबांच्या एक ठोकळा मागे ठेवावे लागतात, म्हणजे खांबाची सावली भिंतीवर पडते आणि सांगाडा उठून दिसतो. ओंडके उभे किंवा आडवे फिरवता येतात. वरचा मजला रस्त्याच्या बाजूला एक ठोकळा पुढे काढला, की त्याखालून तुळयांची टोके बाहेर डोकावतात आणि त्या टोकांवर लाकडाच्या वर्तुळाकार रेषा स्पष्ट दिसतात. ती टोके दिसली नाहीत तर मजला कशावर पेलला आहे हे पाहणाऱ्याला कळतच नाही. मजला असा पुढे काढण्याची कारणेही खरी होती. तटबंदीच्या आत जागा कमी असे, म्हणून वर खोली वाढवून घेत, आणि पुढे आलेल्या भागामुळे खालच्या मातीच्या भिंतीचा पावसापासून बचाव होई. छपरासाठी घराची रुंदी सात किंवा नऊ अशी विषम धरावी लागते, नाहीतर माथ्यावर एकच सरळ आढे येत नाही. उतारही आपल्या कवेलूंच्या छपरापेक्षा बराच तीव्र ठेवतो, कारण गवताने शाकारलेल्या छपराचा उतार कमी पडला तर पाणी निथळून न जाता आत मुरते.

सुटीच्या दिवशी मी इथल्या महाल या जुन्या वस्तीत जाऊन भोसलेकालीन वाड्यांचे लाकूडकाम पाहून येते. दगडी तळखड्यावर टेकलेला सागाचा खांब आता मला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तिकडचे सुतार ओक या झाडाचे लाकूड ओले असतानाच घडवत. वाळलेला ओक फार टणक होतो, आणि ओल्या लाकडाचे सांधे वाळताना आवळले जातात. लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकत. सगळा सांगाडा आधी कामाच्या जागी जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा कोरत, मग तो सोडवून घराच्या जागेवर नेत आणि खुणा पाहून पुन्हा उभा करत. साग वाळल्याशिवाय तुम्ही त्याला हात लावत नव्हता. पण दाराच्या चौकटी जुळवताना दोन्ही लाकडांवर पेन्सिलीने सारखी खूण करत होता, ते मला चांगले आठवते.

आता माझी अडचण. खेळात ठोकळा तिरका ठेवता येत नाही, त्यामुळे खांब आणि तुळई यांच्यामधला तिरपा टेका पायरीच्या आकाराचे ठोकळे उलटसुलट लावून दाखवावा लागतो. गल्लीच्या कोपऱ्यावरचे घर दोन्ही रस्त्यांवर पुढे आलेले आहे आणि तिथला टेका मला पटेल असा जमलेला नाही. आपल्या ओसरीच्या खांबांना तुम्ही जे टेके लावले होते, ते खांबाच्या साधारण कितव्या भागातून निघतात? कोपऱ्याच्या खांबाला एकाच बाजूचा टेका पुरतो, की दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो? आईने फूटपट्टी धरून जमिनीपासून टेक्यापर्यंतचे आणि टेक्यापासून तुळईपर्यंतचे अंतर मोजून कळवले तर फार बरे होईल. बाबांनी स्टुलावर चढू नये. वरचे माप शेजारच्या दादांकडून घ्यावे.

तुमची लेक