सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला लेखक स्थलांतरित कसा?

महोदय,

अमेरिकन कादंबरी आणि तेथील राष्ट्रीय अस्मिता यांवरील लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीविषयी लेखकाने मन लावून लिहिले आहे, हे मान्यच करायला हवे. परंतु अखेरच्या परिच्छेदात आशियाई वंशाच्या साऱ्या कादंबरीकारांना त्यांनी 'स्थलांतरितांचे साहित्य' म्हणून एका ओळीत वाटेला लावले आहे, त्याला माझा सक्त आक्षेप आहे.

जपानी वंशाचे कादंबरीकार जॉन ओकाडा १९२३ मध्ये अमेरिकेतच, सिअ‍ॅटलमध्ये जन्मले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. ते स्थलांतर करून आले तरी कोठून? १९४२ मध्ये तेथील सरकारनेही अशाच आपल्या माणसांना परके ठरवले आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते, छावण्यांत डांबले. पुढच्या वर्षी त्याच छावण्यांत निष्ठेची प्रश्नावली वाटण्यात आली: सैन्यात जाल का, आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का? दोन्हींना 'नाही' म्हणणारे ते 'नो-नो बॉय'. ओकाडांच्या त्याच नावाच्या कादंबरीतील (१९५७) इचिरो दोन वर्षे छावणीत आणि दोन वर्षे तुरुंगात काढून गावी परततो, तेव्हा त्याच्यावर थुंकतो तो जपानी वंशाचाच, सैन्यातून आलेला ओळखीचा तरुण. आपण अमेरिकन आहोत हे सिद्ध करण्यासाठी माणसाला आपल्याच माणसाला नाकारावे लागते, ही गोष्ट गॅट्सबीच्या मेजवान्यांत कोठे सापडणार?

मला हे इतके लागण्याचे कारण जुने आहे. एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी मी हीच कादंबरी निवडली होती. मार्गदर्शकांनी 'हे अमेरिकन साहित्यात मोडत नाही' असा शेरा मारून आराखडा परत केला आणि मुदत संपत आल्यामुळे मी हेमिंग्वेवर लिहून मोकळी झाले. १९७१ मध्ये ओकाडा वारले तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रतीही संपल्या नव्हत्या आणि १९७६ मध्ये आशियाई वंशाच्या तरुण लेखकांनीच ती पुन्हा छापली, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी मी भांडले नाही, याचे वाईट आजही वाटते. तोच शेरा काल आपल्या पुरवणीत छापलेला पाहिला म्हणून हे पत्र.

लेखकाला जागा अपुरी पडली असेल, तर तीही तक्रार आपल्याकडेच आहे. पुस्तकांच्या पानाचा निम्मा भाग गेले वर्षभर गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी व्यापलेला असतो. ते पान पूर्ण करावे आणि ओकाडांवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली