बोहारणीला पँट देण्याआधी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बायकांच्या ड्रेसला नसलेल्या खिशाबद्दल हे पत्र. मी खानापूरहून बेळगावला रोज बसने येते. तिथल्या शहापूर भागात साड्यांना फॉल लावण्याचे काम करते, २३ वर्षे झाली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. महिन्याचे पैसे वाचले, खोटे कशाला बोलू. पण आधार कार्डासारखे ओळखपत्र दाखवावे लागते. एका हाताने वरची दांडी धरलेली, दुसऱ्या हातात डबा, आणि आधार पर्सच्या तळाशी. कंडक्टर पुढ्यात उभा, "आधार तोरसी, अक्का," म्हणजे आधार दाखवा. वाटेतले मच्छे गाव आले तरी निम्म्या बसचे हात पर्समध्ये कोपरापर्यंत बुडालेलेच. बापईमाणसे वरच्या खिशातून नोट काढतात, तिकीट घेतात आणि डुलक्या काढायला मोकळी.

माझ्या आजीला ही अडचण नव्हती. तिच्या कमरेला चंची असे, पैसे कनवटीला. आम्ही लुगडे सोडून ड्रेसवर आलो, चंची गेली, आणि तिच्या जागी खिसा काही आला नाही. रेडिमेड ड्रेसला कधीकधी खिशाची नुसती टीप मारलेली असते, बोट घालायला जावे तर बंद! टेलरला सांगितले तर म्हणतो, "फिटिंग बिघडतंय बाई."

मग सुई माझ्याच हातात आहे, तर मीच का नको? पहिला खिसा मात्र सपशेल फसला. सॅटिनचा उरलेला तुकडा घेतला, घाईत धावदोरा घातला. सॅटिन गुळगुळीत, त्यात मोबाईलचे वजन. पिरनवाडीला उतरणाऱ्यांची गर्दी झाली तसा दोरा सुर्रकन सुटला आणि मोबाईल सीटखालून थेट ड्रायव्हरच्या मागे. तो परत मिळेपर्यंत अख्खी बस माझ्यासाठी वाकली होती.

तेव्हापासून नवे कापड घेत नाही. घरातली जुनी पँट बोहारणीला देण्याआधी तिचे खिसे आतल्या पिशवीसकट कापून घेते. ते कापड जाडसर सुती असते, वर्षानुवर्षे धुऊन आटायचे तेवढे आटलेले. आमच्यात फॉल लावण्याआधी भिजवतात तो याचसाठी. नाहीतर पहिल्या धुण्यातच साडीच्या काठाला चुण्या पडतात. खिशाचेही तसेच. साडीवरून उतरवलेले जुने फॉलही मी टाकत नाही. पाच इंच रुंदीच्या दोन पट्ट्या जोडल्या की पिशवी होते. बोहारीण कुरकुरते, "खिसं कापल्याली पँट कोण घेतंय गे?" खरे आहे तिचे. त्या पँटवर मोठे पातेले मिळत नाही, चहाच्या गाळणीवर भागवावे लागते.

ड्रेस उलटा करायचा. कमरेखाली, कट सुरू होतो त्याच्या एक इंच वर थांबून, बाजूची शिलाई ब्लेडने सहा इंच उसवायची. पिशवी सात इंच रुंद, दहा इंच खोल. तिचे तोंड उसवलेल्या शिलाईच्या दोन्ही कडांना उलट्या टिपेने शिवायचे, इंचाला सात-आठ टाके. तोंडाच्या दोन्ही टोकांना एकावर एक पाच टाके घ्यायचे, कारण खिसा फाटतो तो तिथेच. पिशवी पुढच्या बाजूला वळवलेली असावी, नाहीतर कटमधून बाहेर डोकावते. आणि मोबाईलने ड्रेस एका बाजूला ओढला जाऊ नये म्हणून फॉलची एक पट्टी दुमडून पिशवीच्या वरच्या काठापासून कमरेजवळच्या बाजूच्या शिलाईपर्यंत आतून टाचायची. वजन मग कमरेवर येते. अंगुस्तान घालून शिवले तर एका संध्याकाळी होते, मालिका बघत बघत.

खानापूरच्या पावसासाठी मी आधारला वेगळा खिसा केला आहे, मोडक्या छत्रीच्या कापडाचा, वर टिचबटण. या कापडावर सुईचे भोक बुजत नाही, तेव्हा टाका चुकला तर उसवायची सोय नाही. आधी खडूने रेघ मारून घ्यावी.

आता बसमधल्या बायका आपापले ड्रेस घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या आहेत आणि तिथेच एक गोष्ट लक्षात आली. हल्ली टेलर कापडाच्या कडेला इंटरलॉक मारताना शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेरचे जादा कापड, दोऱ्याला लागून कापून टाकतात. तिथे ना ड्रेस सैल करता येतो, ना खिसा धरायला कापड उरते. तीनजणींचे ड्रेस मला तसेच परत द्यावे लागले. आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या टेलर मंडळींना माझी विनंती आहे. खिसा लावू नका, जादा पैसेही मागू नका. बाजूच्या शिलाईत फक्त इंचभर माया सोडा. खिशाचे आम्ही बघून घेतो.

आपली,
एक वाचक, खानापूर