पिसारा वर उघडू दे

प्रिय मनू,

तुझ्या रॉकेटचा फोटो पाहिला. कागदाच्या लगद्याचा पिसारा फार देखणा झालाय, आणि नेमका तो शेपटीला आहे म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर "आई, हा शिल्पाचा प्रकल्प आहे, विज्ञानाचा नाही" म्हणून तू मला गप्प केलं असतंस.

लगदा वाळला तरी जडच. शेपटीला वजन वाढलं की गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट जिथे तोललं जातं ती जागा, मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या जागेच्या) पुढे, नाकाच्या बाजूला, निदान नळीच्या एका व्यासाइतका तरी, राहायला हवा. नाहीतर उडताना आधार देणारी सळी सुटताच रॉकेट कोलांट्या घेतं. मोठ्या पंखांनी दाबकेंद्रही मागे जातं हे खरं, पण तुझा पिसारा एका अंगाला कललाय. गणित नको असेल तर दोरा घे. मोटर म्हणजे स्फोटक दारूची तयार नळी, पॅरशूट, सगळं भर (मोटर पेटवणारा इग्नायटर मात्र नको), रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरा बांध आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती फिरव. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडेल. हेलकावत राहिलं तर नाही. हे रंगाचा शेवटचा हात मारून झाल्यावर कर, रंगालाही वजन असतं.

आता माझं म्हणणं. तू आणलेल्या मोटरवर सी६-५ लिहिलंय: सरासरी जोर 6 न्यूटन, आणि जळून झाल्यावर 5 सेकंदांनी पॅरशूट बाहेर. जळणं दोन सेकंदांच्या आत आटोपतं. म्हणजे वर जाताना बघणाऱ्याला जेमतेम सात सेकंद मिळतात, त्यातही त्याला धूरच दिसतो. उतरायला मात्र अर्धा मिनिट सहज लागतो. मग पिसारा पॅरशूटवर का नाही रंगवत? मोराचाही मिटलेलाच असतो, वेळ आली की उघडतो. कापड पातळ घे, घडी सैल घाल, टाल्कम पावडर लाव. मोटरच्या आगीपासून ते वाचावं म्हणून खाली न जळणारा कागद कोंबायला विसरू नकोस. मी विसरले होते. पॅरशूटचा वितळून गोळा झाला आणि रॉकेट नाकावर जमिनीत रुतलं. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं असंच असतं. आणि लगदा ठेवायचाच असेल तर ५ऐवजी ३चा आकडा असलेली मोटर घे. जड रॉकेट लवकर माथ्यावर पोचतं, पाच सेकंदांत ते खाली यायला लागलेलं असेल.

मोटरमध्ये रंगाची पूड मिसळली तर रंगीत धूर येईल का, असं विचारलंस. नाही मिसळायची. मोटर उघडायचीही नाही. पूर्वी अमेरिकेत मुलं धातूच्या नळ्यांत स्वतः मिश्रण ठासायची आणि जखमी व्हायची. 1954 मध्ये ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या बुटांच्या दुकानदाराने हलक्या कागदी रॉकेटात बदलता येणारी तयार मोटर बसवली. क्षेपणास्त्र-चाचणीच्या मैदानावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइनने 1957 मध्ये ती कल्पना लोकांपुढे मांडली. हा छंद उभा आहे तो त्या एका गोष्टीवर: मोटरमधल्या दारूला आपण हात लावत नाही.

जागेची आणि हवाई नियमांची परवानगी आधी काढ. वाळकं गवत साफ कर. वारा ताशी 32 किलोमीटरच्या वर असेल तर परत ये. पेटवायचं विजेनेच, निदान पाच मीटरवरून, मोठ्याने उलटे आकडे मोजून. लाँचरची किल्ली (ती काढली की वीज बंद) तुझ्या खिशात, दुसऱ्या कुणाच्या नाही. मला खरी भीती वाटते ती रॉकेट न उडण्याची, कारण तेव्हाच सगळे मोबाईल घेऊन पुढे धावतात. किल्ली काढायची, पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग एकटीनेच जायचं. आणि ते विजेच्या तारांवर अडकलं, तर कितीही सुंदर असलं तरी तिथेच राहू दे.

दोऱ्याला बांधून फिरवल्याचा व्हिडिओ पाठव. पिसाऱ्यासकट आणि पिसाऱ्याशिवाय, दोन्ही.

तुझी,
आई