उडवलेल्या चेंडूवर एकच बाण हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी वस्तूंच्या गतीवर पान आले आहे. चित्रे सुरेख आहेत, भाषाही सोपी. पण सरळ वर उडवलेल्या चेंडूच्या चित्रात चूक झाली आहे. ही चूक मुलांच्या डोक्यात एकदा बसली की निघता निघत नाही. मी बरीच वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले आणि सर्वांत जास्त झटापट केली ती याच चुकीशी, म्हणून राहवले नाही.

वर जाणाऱ्या चेंडूवर आपण दोन बाण काढले आहेत. खालच्या दिशेचा गुरुत्वाकर्षणाचा, तो बरोबर आहे. वरच्या दिशेचा मोठा बाण मात्र 'हाताने दिलेले बल' म्हणून दाखवला आहे आणि हे बल हळूहळू संपून चेंडू खाली येतो, असे खाली लिहिले आहे. वाचताना अगदी पटते. परंतु हाताचे बल चेंडूला हात लागलेला असेपर्यंतच असते. बोटे सुटली की त्याच क्षणी ते संपते. पुढे चेंडूजवळ उरतो तो फक्त वेग.

समजा, चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सुटला. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. एका सेकंदाने त्याचा वेग ९.८ होतो, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी पुन्हा ९.८, पण आता खाली. दर सेकंदाला फरक तेवढाच. वेगात दर सेकंदाला होणारा हा बदल म्हणजेच त्वरण. वर्गात मी विचारायचे, 'सगळ्यात वर पोहोचल्यावर त्वरण किती?' बहुतेक मुले ठामपणे सांगायची, 'शून्य.' मग मी म्हणायचे, 'तिथे वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असेल, तर चेंडू खाली येईल कशाला? लटकून राहील की!' वर्ग एकदम शांत व्हायचा आणि मागच्या बाकावरचे कोणीतरी हळूच 'अरे हो' म्हणायचे. त्या 'अरे हो'साठीच तर शिकवायचे असते.

मुलांना यात दोष देता येत नाही. फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि त्याच्या जोरावर ती पुढे जाते, असे चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदान या तत्त्वज्ञानेही मांडले होते. त्या 'काहीतरी'ला तो इम्पेटस म्हणे. पुढे गॅलिलिओने गोळे उतरणीवरून सोडले, कारण सरळ पडणारी वस्तू मोजण्याआधीच खाली पोहोचते. इतका थोडा वेळ मोजायला अचूक घड्याळ नव्हते. भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी गोळा करून तो त्याचे वजन करायचा. वेळ दुप्पट झाला की गोळ्याने कापलेले अंतर चौपट भरायचे. १६३८ साली त्याने हे पुस्तकात छापले. गाडीच्या ब्रेकलाही हेच गणित उलट्या बाजूने लागू पडते: वेग दुप्पट असेल आणि ब्रेक तितकाच दाबला, तर गाडी थांबायला चौपट अंतर लागते.

गती टिकवायला सतत बल लागते, असे आपल्याला वाटते ते घर्षणामुळे. ढकललेली पेटी हात काढताच थांबते, कारण जमीन तिला मागे ओढत असते आणि ते ओढणे डोळ्यांना दिसत नाही. जिथे अडथळा जवळजवळ नाही तिथे बघावे. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे अंतराळयान आज सूर्यापासून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे, आणि त्याला पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही. त्यावरचे छोटे थ्रस्टर, म्हणजे झोत सोडून यान किंचित वळवणारी साधने, अँटेना पृथ्वीकडे वळलेला राहावा एवढ्यासाठीच आहेत. बाहेरून बल लागले नाही तर वस्तूची गती तशीच राहते, हे न्यूटनने १६८७ मध्ये पहिला नियम म्हणून लिहिले, ते इथे उघड दिसते.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी हे चित्र दुरुस्त करून त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावे. चेंडू तीन ठिकाणी दाखवावा: वर जाताना, सर्वांत वर असताना आणि खाली येताना. तिन्ही ठिकाणी एकच बाण, खालच्या दिशेचा, आणि तिन्ही बाण सारख्याच लांबीचे असावेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका