पेनाचं टोपण

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. इतक्या दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि तू विचारतोस काय, तर कुठला शर्ट घालू! अरे, जो घालून निवांत बसता येतं तो घाल. इस्त्री असावी, बूट चावणारे नसावेत, विषय संपला.

मला लिहायचंय ते वेगळंच. माझी पहिली मोठी मुलाखत आठवते? पन्नास प्रश्नांची उत्तरं घोकून गेलो होतो. पॅनेलवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या बायोडेटातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘टीमचं नेतृत्व केलं, म्हणजे नेमकं काय केलंत?’ मी समन्वय, प्रेरणा, सांघिक भावना असं काहीबाही बोलत सुटलो. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. टक्. पुढे दहा मिनिटं प्रश्न चालू होते, पण माझी मुलाखत तिथेच आटोपली होती.

तेव्हा मी त्यांना खडूस म्हटलं होतं. आता टेबलाच्या त्या बाजूला मी बसतो. समोरच्याच्या बोलण्यात टिपून घेण्यासारखं काही नसेल, तर माझंही पेन थांबतं.

म्हणून उत्तरं पाठ करू नकोस, स्वतःच्या कामातले प्रसंग आठव. जाहिरात समोर घे, त्यात जे जे मागितलंय त्याखाली पेन्सिलने रेघ मार आणि शेजारी एकेक प्रसंग लिही: अडचण काय होती, तुझ्यावर काय सोपवलं होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. याला स्टार पद्धत म्हणतात. बहुतेकांची गाडी अडचणीच्या वर्णनातच अडकते आणि पुढे सगळं ‘आम्ही केलं’. ‘आम्ही’ ऐकलं की मी हटकून विचारतो, त्यात तुम्ही कुठे होतात? तुझा तो गोदामातल्या साठ्याचा घोळ घे. तीन रात्री नोंदवह्या ताडून बघितल्यास आणि परत आलेला माल दोनदा चढतोय हे शोधून काढलंस. तू हे कधी कुणाला सांगत नाहीस, आणि बायोडेटात मात्र ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहितोस!

‘स्वतःबद्दल सांगा’ हे मात्र तोंडाने म्हणून बघ, मनातल्या मनात नको. दीड मिनिट, फोनवर रेकॉर्ड करून. मी स्वतःचं ऐकलं तेव्हा दर वाक्याला ‘म्हणजे’ येत होतं. लाज वाटली, पण सुटलं.

नोकरी नसलेल्या आठ महिन्यांची तुला धास्ती आहे. दोन वाक्यांत कारण सांग आणि थांब. लांबण लावलीस तर साध्या गोष्टीचाही संशय येतो. जुन्या साहेबाचा विषय निघाला तर, कृपा कर, तुझं ते प्रसिद्ध भाषण नको.

आणि एखादं उत्तर फसलं तर तिथेच कुढत बसू नकोस. पॅनेलवर बसवण्याआधी आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं, तिथे थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं. लष्करी अधिकारी हाताखालच्या लोकांना कसे शेरे देतात ते त्याने तपासलं होतं. एका गुणात ज्याला चांगलं म्हटलं, त्याला बाकीच्यांतही चांगलंच म्हटलेलं. १९२० साली त्याने हे छापलं. त्यालाच हेलो इफेक्ट म्हणतात, हेलो म्हणजे डोक्यामागचं तेजोवलय. त्यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला वेगळे गुण देतात. आम्हीही तसंच करतो. तिसरं उत्तर बिघडलं तरी चौथ्याचे गुण शाबूत असतात.

येत नसेल ते येत नाही म्हण. मागे एका मुलीने सांगितलं, ‘हे सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही, पण याच कामाचं दुसरं मी दोन आठवड्यांत असं असं शिकले.’ मी अर्धं पान लिहिलं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील. ‘नाही’ म्हणू नकोस. पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय व्हायला हवंय, ते विचार. उत्तर कामाचं असतं, आणि ते देताना कोण अडखळतं तेही बघून ठेव. तिथे दिवस तुलाच काढायचेत.

रविवारी रात्री फोन कर. बायोडेटा आधी पाठव, मी ओळ न् ओळ विचारणार आहे. हातात टोपणाचं पेन घेऊनच बसतो.

तुझाच,
खडूस